छप्पन्न आठवड्यांचा सेंटर

राष्ट्रीय संघाच्या मॅनेजरकडे स्वतःचा एकही खेळाडू नसतो. निवडून येण्याआधी मला हे माहीत होतं, पण त्याचा अर्थ कळायला अख्खा एक हंगाम जावा लागला.

बझरबीटर हा ऑनलाइन बास्केटबॉल मॅनेजरचा खेळ आहे. बटणं दाबून खेळाडूंना पळवायचं, असा हा प्रकार नाही. प्रत्येकाचा आपापला क्लब असतो. खेळाडू विकत घ्यायचे, त्यांना शिकवायचं, सामन्याआधी कोण कुठल्या जागेवर खेळणार आणि डावपेच काय हे भरून ठेवायचं. सामना सुरू झाला की पुढचं सगळं संगणक ठरवतो, आपण नुसतं बघत बसायचं. हंगाम 14 आठवड्यांचा. क्लबांच्या वर प्रत्येक देशाचे दोन संघ असतात, एक मुख्य आणि एक 21 वर्षांपर्यंतच्या मुलांचा. या संघांचे मॅनेजर त्या त्या देशातले खेळणारेच मतदान करून निवडतात. मी मुलांच्या संघासाठी उभा राहिलो.

निवडणुकीसाठी मी लांबलचक जाहीरनामा लिहिला होता. कुठली आक्रमणपद्धत वापरणार, बचावात झोन (जागा वाटून घेणं) कधी लावणार, मॅन टू मॅन (प्रत्येकाने एकाला धरणं) कधी, सगळं त्यात होतं. मतदारांपैकी एका जुन्या खेळाडूने एकच प्रश्न विचारला. "तुम्ही आठवड्याला किती पत्रं लिहू शकाल?" मी उत्तर दिलं, लागतील तेवढी. तो प्रश्न त्याने का विचारला होता, ते निवडून आल्यावर पंधरा दिवसांत समजलं.

आपल्या देशाची मुलं जगभरच्या क्लबांमध्ये विखुरलेली असतात. ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या मुलांच्या वाटपात, अठरा-एकोणीस वर्षांचा मुलगा येतो, कुणीतरी त्याला बाजारात काढतो, आणि काही दिवसांत तो अशा मालकाकडे जातो ज्याला आपल्या देशाशी काही देणंघेणं नसतं. त्याला काय शिकवायचं, किती मिनिटं खेळवायचं, विकायचा की ठेवायचा, हे सगळं त्या मालकाच्या हातात. कौशल्यांचे आकडेही सहसा त्यालाच दिसतात. इतरांना दिसतो तो मुलाचा पगार, उंची, वय आणि पोटेन्शियल, म्हणजे तो कुठपर्यंत वाढू शकेल याची मर्यादा. मॅनेजरने पगारावरून अंदाज बांधायचा आणि मालकाला पत्र लिहायचं. तुमच्याकडचा हा मुलगा आमच्या संघासाठी महत्त्वाचा आहे, कृपया त्याची कौशल्यं कळवाल का?

मी एक तक्ता केला. एका ओळीत एक मुलगा. उडी मारून मारायचा फटका, लांबचा पल्ला, बाहेरचा बचाव, हँडलिंग (चेंडू हाताळणं), ड्रायव्हिंग (चेंडू घेऊन आत घुसणं), पासिंग, जवळचा फटका, आतला बचाव, रिबाउंड (चुकलेल्या फटक्याचा चेंडू पकडणं), ब्लॉक अशी दहा कौशल्यांची दहा घरं. स्टॅमिना आणि फ्री थ्रो वेगळे. पहिल्या महिन्यात त्या तक्त्यात भरलेल्या घरांपेक्षा रिकामी घरं जास्त होती. निम्म्या मालकांनी उत्तर दिलं नाही. काहींनी एका ओळीत आकडे पाठवले, आणि त्या प्रत्येकाचा मला मनापासून आनंद झाला. एकाने मुलगा विकून टाकल्याचं कळवलं, पण नव्या मालकाचं नावही सोबत दिलं. असा माणूस भेटला की दिवस चांगला जायचा.

पहिल्या हंगामात मी जो संघ उतरवला तो मोठ्या, धिप्पाड मुलांचा होता. आतले दोघे उंच, रिबाउंडला पक्के, आतून गुण करणारे. कागदावर संघ दणकट दिसत होता. गटातल्या निर्णायक सामन्यात आम्ही 93-99 असे हरलो.

त्या रात्री मी सामन्याचा तक्ता उघडून बसलो. आम्ही 88 फटके मारले होते, प्रतिस्पर्ध्यांनी 80. आक्रमणातले रिबाउंड आमचे 19, त्यांचे 7. पहिल्या नजरेला वाटावं की सामना आमचाच होता, नशिबाने दगा दिला. आमच्यातल्या बऱ्याच जणांनी तसं लिहिलंही. मला ते पटेना.

बास्केटबॉलच्या आकडेशास्त्रात डीन ऑलिव्हर यांनी मांडलेले चार घटक प्रसिद्ध आहेत. फटक्यांचा दर्जा, टर्नओव्हर (फटका न मारताच गमावलेला चेंडू), आक्रमणातले रिबाउंड आणि फ्री थ्रो (फाउलनंतर मिळणारे मोकळे फटके). त्यांनी या चारांना साधारण 40, 25, 20 आणि 15 टक्के असं वजन दिलं. फटक्यांचा दर्जा काढताना तीन गुणांच्या फटक्याला दीडपट धरतात, कारण तो दोनच्या फटक्यापेक्षा दीडपट गुण देतो. मी हिशेब मांडला. आमचे 36 फटके लागले, त्यातले 6 तीन गुणांचे. म्हणजे 36 अधिक 3, भागिले 88. उत्तर 44.3 टक्के. त्यांचे 37 लागले, त्यातले 9 लांबचे. 41.5 भागिले 80, म्हणजे 51.9 टक्के. टर्नओव्हर आमचे 17, त्यांचे 12.

मग चेंडूचा ताबा किती वेळा मिळाला ते काढलं. एकूण फटके, त्यातून आक्रमणातले रिबाउंड वजा, त्यात टर्नओव्हर आणि फ्री थ्रोच्या 0.44 पट मिळवायचे. आमचे फ्री थ्रो 20, त्यांचे 22. दोन्हीकडे उत्तर 95 च्या आसपास आलं. म्हणजे संधी सारख्याच होत्या. आम्ही चुकलेला फटका पुन्हा पकडून पुन्हा मारत होतो, आणि तो पुन्हा वाईटच फटका असायचा. त्यांना पहिलाच फटका मोकळा मिळत होता.

बझरबीटर सामन्यानंतर संघाला सहा बाबतींत गुणांकन देतो, आणि त्यात 'ऑफेन्सिव्ह फ्लो' नावाचा एक रकाना असतो. आमचा फ्लो लाज वाटावी इतका कमी होता. चेंडू आत पोचला की तिथेच अडकायचा. आमच्या दोन्ही उंच मुलांचं पासिंग 2 होतं. खेळाच्या भाषेत त्याला 'पिटिफुल' म्हणतात, आणि शब्द योग्यच आहे. तेव्हाच मनाशी नक्की केलं की या संघाला पास देणारा सेंटर, म्हणजे बास्केटजवळ खेळणारा उंच खेळाडू, हवा. तो विकत घेता येत नव्हता, घडवायला लागणार होता, आणि तोही दुसऱ्याच्या क्लबात.

मुलगा सापडला तो ड्राफ्टनंतरच्या आठवड्यात. वय 18, उंची 213 सेंटिमीटर, पोटेन्शियल 'एमव्हीपी'. विकत घेणारा मालक दुसऱ्याच खंडातला. इथे हंगामागणिक मुलाचं वय एका वर्षाने वाढतं, म्हणून 18 व्या वर्षापासून 21 वं संपेपर्यंत चार हंगाम मिळतात. चार गुणिले चौदा, छप्पन्न आठवडे. दर शुक्रवारी प्रशिक्षणाचा निकाल लागतो, म्हणजे छप्पन्न शुक्रवार. वाया गेलेला शुक्रवार परत मिळत नाही, आणि मुलगा जितका लहान तितका तो लवकर शिकतो, त्यामुळे सुरुवातीचे शुक्रवार सगळ्यात मोलाचे.

आता अडचण समजावून सांगतो, कारण सगळी गोष्ट तिच्यावरच उभी आहे. या खेळात मुलगा ज्या जागेवर खेळतो त्या जागेचंच शिकतो. पासिंग शिकायचं तर पॉइंट गार्डच्या, म्हणजे चेंडू वर आणून खेळ रचणाऱ्याच्या, जागेवर खेळायला हवं, आठवड्यात 48 मिनिटं, म्हणजे पूर्ण एक सामना. त्यातून संपूर्ण संघासाठी आठवड्याला एकच कौशल्य निवडता येतं. या मुलाच्या मालकाकडे शिकणारी तीन उंच मुलं होती. आठवड्याला तीन सामने, प्रत्येकात एकाला 48 मिनिटं. त्याने पासिंग निवडलं तर तिघांनाही आळीपाळीने पॉइंट गार्ड म्हणून उतरवणं भाग, आणि त्यातले दोन सामने लीगचे. 213 सेंटिमीटरचा मुलगा, ज्याला चेंडू नीट हाताळता येत नाही, तो प्रतिस्पर्ध्याच्या चपळ गार्डसमोर चेंडू घेऊन वर येणार. असा सामना बहुतेक हातचा जातोच. भरीला भर म्हणजे उंच मुलं बाहेरची कौशल्यं हळू शिकतात. बुटका गार्ड जे पटकन शिकेल त्याला या मुलाला कितीतरी जास्त शुक्रवार लागणार.

अनोळखी माणसाकडे मी हे मागणार होतो, की माझ्या देशाच्या संघासाठी तुमचे सामने हरा.

पहिलं पत्र मी चार वेळा खोडलं. पहिल्या खर्ड्यात देशाचा अभिमान वगैरे बरंच काही होतं. ते सगळं काढून टाकलं, कारण त्याच्या दृष्टीने तो परका देश होता. त्याचा फायदा कशात आहे ते शोधायला बसलो, आणि तो खरोखरच होता. सेंटरचा पगार मुख्यतः आतल्या कौशल्यांवर ठरतो. नुसती आतली कौशल्यं वाढवत नेली तर पगार इतका फुगतो की दोन हंगामांत मालकालाच तो पेलवत नाही. पासिंग, हँडलिंग वाढवलं तर मैदानावर मुलगा सुधारतो आणि पगार तुलनेने जागेवर राहतो. हे मी त्याला आकड्यांनिशी लिहून दाखवलं. सोबत छप्पन्न आठवड्यांचा आराखडा जोडला. आधी कुठलं कौशल्य, मग कुठलं, पासिंगचे आठवडे लीगमध्ये जिथे सोपे प्रतिस्पर्धी आहेत तिथे कसे बसवायचे. त्याच्या क्लबाचं वेळापत्रक काढून मी आठवडे शोधले होते.

उत्तर सहा दिवसांनी आलं. त्याने लिहिलं होतं, "माझं वेळापत्रक तुम्ही माझ्यापेक्षा नीट वाचलं आहे. बरं, करून बघू."

पहिला पासिंगचा सामना मी लाइव्ह बघितला. त्याचा क्लब 31 गुणांनी हरला. आमच्या मुलाने एकट्याने 9 टर्नओव्हर केले. मला इतकं अवघडल्यासारखं झालं की लगेच माफीचं पत्र लिहायला घेतलं, पण त्याचंच आधी आलं. आत फक्त एक आकडा होता. पासिंग 3.

त्यानंतरच्या वर्षभरात मी काय केलं असं कुणी विचारलं तर खरं उत्तर पत्रं लिहिली हेच आहे. दर शुक्रवारी निकालानंतर वीस-बावीस मालकांचे आकडे येऊ लागले, तक्त्यातली रिकामी घरं भरत गेली. मी प्रत्येकाला उत्तर द्यायचो, आणि ते नुसतं आभार मानणारं नसायचं. त्यांच्या क्लबाचा सामना बघून त्यावर दोन ओळी लिहायचो. एका मालकाच्या लीगमधली चढती झुंज मी इतकी मन लावून बघत होतो की तो वरच्या गटात गेला तेव्हा मलाच आनंद आवरेना. हे लोक मला काही देणं लागत नव्हते. तरी ते द्यायचे, आणि त्याबद्दल मला आजही त्यांचा फार आदर वाटतो.

सगळेच असे नव्हते हेही लिहायला हवं. एक फार गुणी गार्ड आमच्या हातून गेला. मालकाने खेळणंच सोडून दिलं, मुलगा महिनोन्‌महिने बाकावर बसून राहिला, आणि क्लब बंद होऊन तो बाजारात येईपर्यंत त्याची शिकायची उत्तम वर्षं सरली होती. त्याची ओळ मी तक्त्यातून काढली नाही.

दुसऱ्यांदा निवडणूक आली तेव्हा मी जाहीरनामा लिहिला नाही, तक्ता दाखवला. निवडून आलो.

मुलगा 21 चा झाला त्या हंगामात पासिंग 7 वर आलं होतं. 'रिस्पेक्टेबल'. रिबाउंड आणि आतला बचाव त्याहून वर. आता स्पर्धा. आणि स्पर्धेत मॅनेजरला खरोखर काही करायला मिळतं.

संघाचा एक उत्साह असतो, आणि तो सामन्यागणिक साठवायचा किंवा खर्च करायचा असतो. सामना 'टेक इट ईझी' म्हणून खेळलात तर त्या दिवशी जोर कमी लागतो पण उत्साह साठतो. 'क्रंच टाइम' खेळलात तर जोर लागतो आणि साठा घसरतो. पहिल्या हंगामात मी घाबरून सुरुवातीलाच दोनदा क्रंच टाइम वापरला होता आणि निर्णायक सामन्याला संघ थकलेला होता. या वेळी गटातल्या दोन दुबळ्या संघांविरुद्ध मी आराम घेतला. एक सामना फक्त 3 गुणांनी वाचला, आणि शेवटची पाच मिनिटं मी पडद्याकडे बघूच शकलो नाही. पण साठा वाढला.

शेवटचा साखळी सामना त्याच संघाशी, ज्याने आम्हाला 93-99 ने हरवलं होतं. जिंकला तो पुढे.

सामन्याच्या तीन दिवस आधी मालकाचं पत्र आलं. त्याच्या क्लबातला दुसरा सेंटर जखमी झाला होता. लीगच्या आणि कपच्या अशा दोन्ही सामन्यांत त्याला आमच्याच मुलाला पूर्ण वेळ खेळवावं लागलं, आणि कपचा सामना जादा वेळेत गेला. 48 आणि 53, एकूण 101 मिनिटं. आठवड्याला साधारण 50 ते 70 मिनिटं मिळाली की फॉर्म उत्तम राहतो, त्यापलीकडे गेलं की घसरतो. मुलाचा फॉर्म 9 वरून 7 वर आला. मालक खूप खंतावला होता. "दुसरा इलाज नव्हता. छप्पन्न आठवड्यांत नेमका हाच आठवडा." मी त्याला लिहिलं की त्या जागी मीही तेच केलं असतं, आणि ते खरं होतं. त्याच्या क्लबाने वर्षभर आमच्यासाठी सामने सोडले होते. एक सामना त्याला स्वतःसाठी हवा असेल तर तो त्याचा हक्कच होता.

प्रश्न होता मुलाला उतरवायचं का. बाकावर दुसरा सेंटर पूर्ण फॉर्मात होता, रिबाउंडला थोडा सरस, पासिंग 3. मी दोन्ही संघ कागदावर मांडले, खोडले, परत मांडले. अखेर पहिल्या पराभवाचा तो तक्ता उघडला. 19 रिबाउंड आणि 44.3 टक्के. मुलालाच उतरवायचं ठरलं.

प्रतिस्पर्ध्यांचा शूटिंग गार्ड त्यांचे बरेचसे फटके एकटाच मारायचा. अशा एकखांबी आक्रमणावर बॉक्स अँड वन हा बचाव लावतात. चौघे चौकोन करून आतली जागा राखतात आणि एक जण त्या फटकेबाजाच्या पाठी सावलीसारखा. 2019 च्या एनबीए (अमेरिकेतली मुख्य व्यावसायिक लीग) अंतिम मालिकेतल्या दुसऱ्या सामन्यात गोल्डन स्टेट वॉरियर्सचा क्ले थॉम्पसन दुखापतीने बाहेर गेल्यावर टोरांटो रॅप्टर्सने त्याचा साथीदार स्टीफन करीवर हाच बचाव लावला होता, फ्रेड व्हॅनव्हलीटला त्याच्या मागे सोडून. तो सामना वॉरियर्सने 109-104 असा जिंकला, पण शेवटच्या टप्प्यात कितीतरी मिनिटं त्यांना एक गुण मिळत नव्हता. मला मोह झाला. पण या संघाचे उरलेले चौघे थॉम्पसन नसलेल्या वॉरियर्ससारखे हतबल नव्हते. मी मॅन टू मॅन ठेवलं.

राहिली सामन्याची पूर्वतयारी. प्रतिस्पर्धी आतून खेळणार की बाहेरून, आणि गती कशी ठेवणार, हे आधी ओळखून भरायचं. ओळख बरोबर निघाली तर बचावाला बळ मिळतं, चुकली तर फटका बसतो. त्यांचे मागचे सगळे सामने मी वाचले. मोठ्या सामन्यात ते गती कमी करतात असं दिसलं. गती संथ, भर बाहेर. तेच भरलं आणि सामना सुरू होण्याची वाट बघत बसलो.

गती बरोबर निघाली. भर चुकला, ते आतूनच आले. पहिल्या क्वार्टरनंतर आम्ही 8 ने मागे होतो. दुसऱ्यात एका ओळीने मी सरळ होऊन बसलो. आमच्या सेंटरला आत चेंडू मिळाला, दोघे त्याच्यावर आले, त्याने तो कोपऱ्यातल्या मोकळ्या फॉरवर्डला दिला, तीन गुण. पहिल्या हंगामात त्याच जागी आमच्या सेंटरने दोघांच्या डोक्यावरून फटका मारला असता आणि त्याच्याच रिबाउंडसाठी पुन्हा झगडला असता.

94-90. आम्ही जिंकलो. मुलगा 34 मिनिटं खेळला, शेवटी दमून बाहेर आला, 7 असिस्ट, म्हणजे गुण मिळवून देणारे पास. संघाने 81 फटके मारले, 37 लागले, 8 लांबचे. 41 भागिले 81, 50.6 टक्के. टर्नओव्हर 11. हे सगळं मी आधी मालकाला पाठवलं, देशातल्या लोकांना नंतर.

पुढच्या फेरीत आम्ही 17 ने हरलो. समोरचा संघ सगळ्याच रकान्यांत आमच्यापेक्षा चांगला होता, त्यावर लिहिण्यासारखं फारसं नाही.

हंगाम बदलला तसा मुलगा 22 चा झाला आणि माझ्या यादीतून आपोआप गळला. मी त्याची ओळ, छप्पन्न आठवड्यांचे आकडे आणि सगळा पत्रव्यवहार मुख्य संघाच्या मॅनेजरकडे सोपवला. त्याच संध्याकाळी मालकाचं पत्र आलं. मुलाला विकायला बरीच मोठी बोली लागली होती, ती त्याने नाकारली होती. खाली विचारलं होतं, "आता हँडलिंग घेऊ की लांबचा पल्ला? तुमच्या नव्या मॅनेजरना विचारून सांगा. आणि ड्राफ्टमध्ये तुमच्याकडचा एखादा अठराचा उंच मुलगा आला आहे का? माझ्याकडे एक जागा रिकामी आहे."